वाचकांचे प्रश्न : साडेचार सेकंदवाली की साडेसहावाली?

प्रश्न : मी हलक्या स्पोर्ट्स कारचा तक्ता बनवलाय. 0 ते 100 किमी वेगाला अल्पाइन ए110 घेते 4.5 सेकंद, दोन लिटरची माझदा एमएक्स-5 6.5 आणि टोयोटा जीटी86 7.6. त्यांच्या शेजारी टेस्ला मॉडेल 3 परफॉर्मन्स ठेवली तर ती चार दारांची, 1,800 किलोच्या आसपासची गाडी साडेतीन सेकंदांच्या जवळपास 100 गाठते. मग एमएक्स-5 चं एवढं कौतुक कशाला? 'फील' म्हणजे आकड्यात हरल्यावरची पळवाट तर नाही ना?

उत्तर : अजिबात नाही. तुमच्या तक्त्यातले सगळे आकडे सरळ रस्त्यावरचे आहेत आणि हलकी गाडी घेणारा माणूस ती वळणांसाठी घेतो, तिथेच गोची होते. वळणासाठीपण आकडा असतो म्हणा, गोल ट्रॅकवर फिरवून किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बाजूचा जोर) मिळतात ते मोजतात, पण तेव्हा गाडी एका लयीत स्थिर झालेली असते. खरी गंमत त्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात आहे. तुम्ही ब्रेक सोडता, स्टीअरिंग वळवता, पुढच्या चाकांवरचं वजन हलतं, नाक वळतं आणि मग मागचा भाग त्याच्यामागून येतो, आणि हे सगळं पटकन आणि एकसंध झालं की गाडी अंगात घातल्यासारखी वाटते. वजन कमी असेल आणि ते मध्याकडे गोळा झालेलं असेल तर हे सोपं जातं, म्हणून लोटस एलिस या छोट्या स्पोर्ट्स कारचं इंजिन मधे आहे आणि एमएक्स-5 चं पुढे असूनही पुढच्या चाकांच्या रेषेमागे सरकवलंय.

आता स्टीअरिंगचं बघा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1996 ची पहिली लोटस एलिस जेमतेम 725 किलोची, इंजिन 1.8 लिटरचं, पॉवर 120 हॉर्सपॉवरच्या आसपास आणि पॉवर स्टीअरिंग नाहीच. पार्क करताना हात भरून येतात. पण वेगात वळणात शिरलात की स्टीअरिंग हळूहळू जड होत जातं आणि टायरची पकड संपायच्या जरा आधी ते किंचित हलकं पडतं. कारण असं की टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो त्यात बाजूचा जोर मध्याच्या थोडा मागे लागतो आणि तोच चाक सरळ करायला ओढत असतो, पकड संपत आली की तो जोर पुढे सरकतो आणि ओढ कमी होते. म्हणजे गाडी घसरायच्या आधी हाताला सांगते. ही खबर सेकंदांच्या रकान्यात कुठे लिहिणार? कंपन्या स्टीअरिंगवरचा जोर मोजतात, गाडी किती वेळात वळायला लागते तेही मोजतात, फक्त ते ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

आणि तुमच्या यादीतली ए110 आकड्यातही पुढे आहे आणि फीलमध्येही, कारण 252 हॉर्सपॉवर असूनही तिचं वजन 1,100 किलोच्या आसपास ठेवलंय. दोन्ही एकत्र येऊ शकतात, पण त्यासाठी वजनावर हट्ट धरावा लागतो.

प्रश्न : एकाच गाडीचे 0 ते 100 चे आकडे ठिकठिकाणी वेगळे का दिसतात?

उत्तर : अमेरिकेतल्या बऱ्याच टेस्टमध्ये ड्रॅग रेसिंगच्या (सरळ पट्ट्यावरच्या शर्यतींच्या) पद्धतीने पहिला एक फूट मोजतच नाहीत, तिथे दोन-तीन दशांश वाचतात. शिवाय तिकडचा आकडा 60 मैलांचा म्हणजे 97 किमीचा असतो, आणि एखादी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच 97 ला पोचते पण 100 साठी तिसरा टाकावा लागतो, की झाला फरक. त्यामुळे दोन गाड्यांमध्ये 0.2 सेकंदांचा फरक बघून निर्णय घेऊ नका.

प्रश्न : जीटी86 ला रुंद, चिकट टायर घातले तर ती जास्त मजा देईल?

उत्तर : लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ, कमी होईल, मजेचं मला पटत नाही. या गाडीला 2012 मध्ये मुद्दाम 215 मिमी रुंदीचे साधे टायर दिले, टोयोटाच्याच प्रियस या हायब्रिड गाडीला मिळायचे तसेच. पकड कमी असल्यामुळे मागचं टोक कमी वेगातच हलायला लागतं आणि ते एक्सिलरेटरने सावरता येतं. रुंद टायर घातलेत की तीच गोष्ट बऱ्याच जास्त वेगाला होते, म्हणजे अनुभवायला ट्रॅकच लागेल. ट्रॅकवरच चालवणार असाल तर खुशाल घाला.

प्रश्न : टेस्ट ड्राइव्हमध्ये फील कसा ओळखायचा? वेळ तर जेमतेम मिळतो.

उत्तर : जोरात पळवू नका, त्यातून काही कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला स्टीअरिंग दोन बोटं डावी-उजवी हलवून बघा, गाडी लगेच हलते की आधी पोकळी जाणवते. ब्रेकवर हलका पाय ठेवा आणि दाब वाढवत न्या, पायाला जेवढा जोर लागतोय तेवढीच गाडी थांबतेय का? मग एक खडबडीत तुकडा शोधा, हा लोक टाळतात. हलक्या गाडीत खड्ड्याचा धक्का लगेच जाणवतो, त्यामुळे सस्पेन्शन नीट जमलंय का ते तिथेच कळतं : धक्का बसल्यावर गाडी एकदाच वर-खाली होऊन थांबली तर चांगलं, स्टीअरिंगला हिसके देऊन रेषा सोडायला लागली तर तक्त्यात कितीही भारी दिसू दे, दुसरी बघा.