उष्ण कटिबंधातल्या सर्फिंगच्या गावात एक निवांत दिवस कसा घालवावा?

तुम्ही विचारलंय की सर्फिंगच्या गावात एकच मोकळा दिवस मिळणार आहे, पोहता येतं पण सर्फिंग कधी केलेलं नाही, धावपळ नको आणि दिवस वायाही जायला नको, तर तो कसा आखावा?

माझं उत्तर: सूर्योदयापासून साधारण साडेनऊपर्यंत पाण्यात, दहा ते साडेतीन सावलीत आणि चारनंतर पुन्हा किनाऱ्यावर. एवढंच ठरवा, बाकी काही ठरवू नका. बहुतेकांचा दिवस बिघडतो तो हे उलटं केल्यामुळे. उशिरा उठायचं, सावकाश नाश्ता करायचा, अकराला बोर्ड भाड्याने घ्यायचा आणि भर बाराच्या उन्हात खवळलेल्या पाण्याशी झटापट करायची. मग संध्याकाळी समुद्र छान शांत झालेला असतो, आणि आपण भाजलेली पाठ घेऊन खोलीत पालथे पडलेले असतो.

शाळेच्या भूगोलातले खारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे पहाटे आणि बऱ्याचदा आठ-नऊपर्यंत टिकतात. येणाऱ्या लाटेला ते समोरून अडवतात, त्यामुळे लाट जरा उशिरा, नीट आकार धरून फुटते आणि पाणी गुळगुळीत राहतं. सर्फर यालाच ऑफशोअर वारा म्हणतात. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की खारे वारे सुटतात, लाटांना मागून ढकलतात आणि सगळं पाणी खडबडीत होऊन जातं. जिथे व्यापारी वारे जोरात वाहतात तिथे ही अदलाबदल कमी जाणवते, पण तिथेही त्यातल्या त्यात शांत वेळ सकाळचीच.

आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवा. बोर्ड भाड्याने देणाऱ्यांच्या फळ्यावर त्या बहुतेक वेळा लिहिलेल्या असतात, फोनवरही मिळतात. बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात, त्यांच्यात साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. पूर्ण ओहोटीला लाट उथळ वाळूच्या बांधावर एकदम आपटते, पूर्ण भरतीला थेट किनाऱ्याच्या उतारावर. दोन्ही वेळी नवख्याची मान आणि खांदा धोक्यात. मधली वेळ गाठा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याची चढउतार मोठी आणि ओढही जास्त. अष्टमीच्या सुमाराला भांगेची भरती असते, तेव्हा सगळंच सौम्य. आणखी एक, भरतीचं पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास निम्मं पाणी चढतं. टॉवेल आणि चपला वाहून जातात त्या याच दोन तासांत, म्हणून सामान ओल्या वाळूच्या रेषेच्या बरंच वर ठेवा.

लाटांच्या अंदाजात दोन आकडे असतात: उंची, आणि दोन लाटांमधले सेकंद म्हणजे पिरियड. लोक फक्त उंची बघतात, तिथेच फसतात. अर्धा ते पाऊण मीटर उंची आणि ८-१० सेकंद पिरियड असेल तर शिकायला उत्तम. उंची एक मीटरच, पण पिरियड १५ सेकंद असेल तर ती लाट खूप लांबून ताकद घेऊन आलेली असते आणि फुटताना अंदाजापेक्षा मोठी होते. अशा दिवशी बोर्ड न घेता नुसतं काठावर बसून बघा, तोही वेळ सार्थकी लागतो. जागा वाळूच्या तळाचीच निवडा. प्रवाळावर किंवा खडकावर फुटणाऱ्या लाटा फोटोत कितीही सुंदर दिसोत, पहिल्या दिवसासाठी त्या नाहीत.

बोर्ड मऊ, फोमचाच घ्या. मध्यम बांध्याच्या माणसाला ८ ते ९ फूट लांब, साधारण २२ इंच रुंद. दुकानातला छोटा, चकचकीत, कडक बोर्ड हलका दिसतो, पण त्यावर दिवसभरात एकदाही उभं राहता येणार नाही. घेताना तीन गोष्टी हाताने तपासा. फिन, म्हणजे बोर्डाखालची पाती, हलत नाहीत ना. लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडणारी दोरी, कुठे चिरलेली नाही ना. आणि लीश ज्या बारीक दोरीने बोर्डाला बांधलेली असते ती झिजलेली नाही ना. बोर्ड निसटतो तो बहुतेकदा या दोरीमुळे. लीशची लांबी बोर्डाइतकी असावी, आणि ती मागच्या पायाच्या घोट्याला बांधायची. वॅक्स, म्हणजे पाय घसरू नये म्हणून बोर्डावर घासायचं मेण, लागलंच तर गरम पाण्याचं मागा. थंड पाण्याचं वॅक्स इथे वितळून ओघळतं. अंगात लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा शर्ट, हवा. ऊन तर आहेच, पण तासभर बोर्डावर पोटावर घासल्यावर छाती आणि फासळ्यांची कातडी कशी सोलवटते हे रात्री अंघोळीच्या वेळी कळतं.

शक्य असेल तर पहिले दीड-दोन तास शिकवणारा घ्या. एका वेळी किती जण शिकतात ते विचारा. तीन-चारपेक्षा जास्त असतील तर तुमच्या वाट्याला फार काही येत नाही.

पाण्यात शिरण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लाटा गटाने येतात: तीन-चार मोठ्या, मग काही मिनिटं शांतता. तो ताल लक्षात आला की आत जायची वेळ आपोआप कळते. त्याच वेळात वाळूवर उठण्याचा सराव करा. पालथं झोपा, तळहात खालच्या फासळ्यांच्या बाजूला टेका, छाती उचला, मागचा पाय आडवा रोवा आणि पुढचा पाय दोन्ही हातांच्या मधोमध आणा. गुडघे वाकलेले, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर. दहा वेळा पुरे.

सुरुवात कमरेइतक्या पाण्यात, आधीच फुटून फेस झालेल्या लाटांवर करायची. बोर्डावर झोपल्यावर पायाची बोटं टेलच्या, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकाच्या, काठाला जेमतेम लागावीत आणि बोर्डाचं पुढचं टोक पाण्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर राहावं. टोक पाण्यात घुसून बोर्ड उलटत असेल तर तुम्ही फार पुढे आहात, तळहाताच्या रुंदीइतकं मागे सरका. लाट तुम्हाला सोडून पुढे निघून जात असेल तर फार मागे आहात. लाट दोन-तीन बोर्डांच्या अंतरावर आली की पाच-सहा दमदार हात मारा, आणि ती मागून उचलतेय असं जाणवल्यावर आणखी दोन. जवळपास सगळे हे शेवटचे दोन हात मारायचे सोडतात आणि लाट हुकते. दुसरी हमखास चूक म्हणजे गुडघ्यावर थांबणं. तिथून उभं राहायला तोल सापडत नाही. तिसरी, खाली पायांकडे बघणं. नजर जिथे, तोल तिथे.

पडताना आडवं पडा, डोकं खाली करून सूर मारू नका. वर येताना हात डोक्यावर धरून या, कारण बोर्ड लीशच्या ताणाने परत तुमच्याकडेच येतो. येणारी लाट आणि तुम्ही यांच्यामध्ये बोर्ड कधीही आडवा धरू नका. दात आणि नाक फुटतं ते यानेच. लीश हाताला गुंडाळू नका. आणि लाट जिथे फुटायला सुरुवात होते त्याच्या सर्वांत जवळ जो सर्फर असतो, लाट त्याची. बाकीच्यांनी सोडून द्यायची.

रिप करंट, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात ओढून नेणारा प्रवाह, ओळखायला शिका, हे सगळ्यांत महत्त्वाचं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एक गडद, सपाट पट्टा आहे, त्यात फेस समुद्राकडे जातोय, असं दिसलं तर तो रिप. नवखे नेमके तिथेच उतरतात, कारण तिथे पाणी शांत दिसतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. चांगला पोहणाराही त्यात दमून जातो. बोर्ड सोडू नका, त्यावर पडून राहा, हात वर करून हलवा, आणि ओढ कमी झाली की किनाऱ्याला समांतर जात फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात या. लाल-पिवळे झेंडे म्हणजे त्यांच्यामध्ये पोहणाऱ्यांची जागा, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा बोर्डांसाठी, लाल म्हणजे मोठा धोका, उतरायचं नाही. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखे त्रासदायक जीव पाण्यात आहेत. आदल्या दिवशी धो-धो पाऊस झाला असेल आणि नदीच्या तोंडाशी पाणी तपकिरी दिसत असेल, तर तिथे उतरू नका. त्यात वस्तीतली घाण असते, दोन-तीन दिवस तरी तो भाग टाळलेला बरा.

सनस्क्रीनबद्दल थोडं सविस्तर, कारण लावतात सगळे आणि भाजतातही सगळे. प्रमाण कमी पडतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं, म्हणजे १०० मिलीची बाटली तीन वेळांत संपायला हवी. पाण्यात शिरण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. विसरल्या जाणाऱ्या जागा: कान, मानेची मागची बाजू, पावलांचा वरचा भाग आणि गुडघ्यांच्या मागची खळगी. ही शेवटची जागा बोर्डावर पालथं असताना सतत उन्हात असते आणि भाजली की दोन दिवस चालताना दुखते. नाक आणि गालांवर झिंक ऑक्साइडचा पांढरा जाड थर उत्तम. कपाळावर पातळ क्रीम लावलं तर ते घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. लावून झाल्यावर तळहात वाळूने घासून घ्या, नाहीतर बोर्ड निसटत राहतो. घेताना ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं नसलेलं घ्या. प्रवाळाला होणाऱ्या हानीच्या काळजीने पलाऊने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

साडेनऊला बाहेर या, अजून दम असला तरी. दमलेल्या खांद्यांनी मारलेली 'शेवटची एक लाट' हीच दुखापतीची असते. बोर्ड सावलीत, वॅक्सची बाजू खाली करून ठेवा. उन्हात किंवा बंद गाडीत फोमला फुगे येतात आणि भरपाई तुमच्याकडून घेतली जाते. गोड्या पाण्याने अंघोळ, सुके कपडे, भरपूर पाणी, मग पोटभर खाणं. वाकल्यावर नाकातून अचानक पाणी आलं तर घाबरू नका, सायनसमध्ये अडकलेलं समुद्राचं पाणी काही तासांनीही असं बाहेर पडतं.

आता दुपार, या दिवसाचा खरा गाभा. उष्ण कटिबंधात दुपारी अतिनील निर्देशांक सहज ११ च्या वर जातो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड दिसते तोवर सावलीतच राहा. हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना टांगायचा कापडी झोपाळा, मिळाला तर तो नीट बांधा, कारण लोक तो ताणून बांधतात आणि मग पाठ धरते. साधारण चार मीटर अंतरावरची दोन भक्कम झाडं बघा, रुंद पट्टे डोक्याच्या उंचीच्या आसपास बांधा आणि दोरी जमिनीशी सुमारे ३० अंशांचा कोन करेल इतका झोल ठेवा. ३० अंशांना प्रत्येक बाजूच्या दोरीवर साधारण तुमच्या वजनाइतका ताण येतो. ताणून १० अंशांवर आणलात तर तो जवळजवळ तिप्पट होतो, आणि दोरी तुटते ती तेव्हा. झोपायचं सरळ नाही, तिरकं: डोकं मध्यरेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड सपाट होतं आणि पाठ जवळपास सरळ राहते. झाडं नारळाची असतील तर आधी वर बघा. नारळ किंवा वाळकी झावळी लटकत असेल तर दुसरी जागा शोधा. मग फोन पिशवीत ठेवा. सकाळच्या मेहनतीनंतर येणारी ही झोप मला या सगळ्या दिवसातली सर्वांत मोलाची वाटते, ती बाजारहाटात घालवू नका.

चारनंतर पुन्हा खाली उतरा. उन्हाचा जोर ओसरलेला असतो, आणि बऱ्याच ठिकाणी सूर्यास्ताच्या आधी वारा पडून पाणी पुन्हा गुळगुळीत होतं. खांदे दुखत असतील तर बोर्डाशिवाय नुसतं डुंबा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) चाहूल लागून आधीच निघून जातो. जेलीफिश लागलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने त्वचेवर उरलेल्या विषारी पेशी आणखी फुटतात. पाकटाच्या डंखाला सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मद्य घेणार असाल तर ते दिवसभराचं पाण्यात उतरणं पूर्ण आटोपल्यावर.

विषुववृत्ताजवळ सूर्य जवळपास सरळ खाली जातो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांतच संपतो. पाण्यात असाल तर सूर्य क्षितिजाला टेकण्याआधी बाहेर या. तिन्हीसांजेला डास आणि वाळूतल्या बारीक माश्या निघतात. लांब कपडे घाला, घोट्यांना डास पळवणारं मलम लावा. सनस्क्रीन अंगावर ठेवायचं असेल तर ते आधी, मलम नंतर.

रात्री रॅश गार्ड गोड्या पाण्यात पिळून वाऱ्यावर टाका, खांद्यांना आणि गालांना कोरफडीचा गर किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. निघण्याआधी सकाळी थोडा वेळ काढता आला, तर आजची भरतीची वेळ बघून तीत साधारण ५० मिनिटं मिळवा आणि त्या हिशेबाने गजर लावा.