मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर बसलेला काळपट, पांढऱ्या ठिपक्यांचा पक्षी कोणता? अनोळखी समुद्रपक्षी ओळखायचे कसे?

तुम्ही लिहिलंय: ऑगस्ट महिना, दोन दिवस सोसाट्याचा वारा, संध्याकाळी टेट्रापॉडवर (लाटा अडवणारे काँक्रीटचे ठोकळे) कबुतरापेक्षा जरा मोठा काळपट पक्षी, पाठीवर पांढरे ठिपके, जवळ गेलं तरी उडेना, आणि पक्षी ओळखायचं ॲप म्हणतं ब्राउन नॉडी (सगळा तपकिरी समुद्रपक्षी).

नॉडी नाही. ठिपके दिसले तिथेच नॉडीचा निकाल लागला. हा सूटी टर्न, म्हणजे सुरयांपैकी (लांब पंखांचे सडपातळ समुद्रपक्षी) एक, आणि तोही पहिल्या वर्षातला. पूर्ण वाढलेला सूटी टर्न वरून काळाभोर आणि खालून पांढराशुभ्र असतो. पिल्लू मात्र अंगभर धुरकट तपकिरी, पाठीवरच्या पिसांची टोकं तेवढी पांढरी. पुस्तकांत चित्र मोठ्या पक्ष्याचं असतं, म्हणून लोक त्यावरून पुढे जातात आणि 'सगळा काळा' एवढ्यावर नॉडीवर येऊन थांबतात.

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर हा वाद दर पावसाळ्यात उकरला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चार जागा बघा. पहिली, शेपटीखालचा भाग: सूटीच्या पिल्लाचं पोट मागच्या बाजूला फिकट, जवळजवळ पांढरं होत जातं, नॉडी शेपटीपर्यंत सलग तपकिरी. दुसरी, शेपूट: सूटीची दुभंगलेली, नॉडीची लांब, पाचरीसारखी, टोकाला मधोमध हलकीशी खाच. तिसरी, पंखाची खालची बाजू: सूटीची पुढची अर्धी बाजू करडी-फिकट दिसते, नॉडीची गडद. चौथी पाठ, ती तुम्ही पाहिलीच आहे. कपाळावरून मात्र निकाल देऊ नका. नॉडीची राखाडी-पांढरी टोपी मोठ्या पक्ष्यालाच नीट असते, पिल्लाला धड दिसतही नाही. 'टोपी नाही म्हणजे नॉडी नाही' म्हणणाराही तितकाच चुकतो. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर दोघंही वीण करतात, त्यामुळे पावसाळी वाऱ्याबरोबर आपल्या किनाऱ्याला दोघंही लागू शकतात.

आता ग्रुपवरच्या वादाचं. असाच एक पक्षी खोक्यात घातलेला, छातीची पिसं भिजून चिकटलेली, त्याचा फोटो आला. शेपटीखालचा पांढरा भाग फोटोत स्वच्छ दिसत होता, तो मी दाखवला. ग्रुपमधले एक ज्येष्ठ म्हणाले, मीठ सुकलंय. इथवर ठीक होतं, नावाने कुणी मरत नाही. पण पुढचा सल्ला असा: 'समुद्राचा पक्षी आहे, भरती आली की पाण्यात सोडा, आपोआप जाईल.' सोडला. दुसऱ्याच लाटेत तो भिंतीवर आपटला.

म्हणून ओळख आधी. सूटी टर्न समुद्रावर राहतो, समुद्रात नाही. त्याची पिसं पाणी फार वेळ थोपवू शकत नाहीत, भिजली की तो बुडतो. एकदा घरट्यातून उडाला की वर्षानुवर्षं जमिनीला न टेकता हवेतच काढतो, मासे पृष्ठभागावरून टिपतो. असा पक्षी टेट्रापॉडवर बसलाय आणि माणसाला भीत नाही, याचा अर्थ तो उपाशी आणि थकलेला आहे. त्याला पाण्यात ढकलणं म्हणजे मारणंच. हे मी तेव्हाही लिहिलं होतं.

करायचं काय, तर जाड टॉवेल वरून टाकायचा, पंख अंगाशी मिटलेले धरून उचलायचं, छाती दाबायची नाही, कारण पक्ष्याचा श्वास छातीच्या हालचालीवरच चालतो. बुटाचं खोकं चालत नाही. मिटलेले पंख शेपटीच्या मागे जातात आणि टोकं मोडतात. किमान ५० सेंटिमीटर लांबीचा पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला कापड घाला (वर्तमानपत्रावर पाय घसरतात), खालच्या बाजूला भोकं पाडा, झाकण लावा, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतायचं नाही, ब्रेड-बिस्किट तर नाहीच. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. पायात धातूची कडी असेल तर काढू नका, आकडे टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) कळवा.

पांढरा, बदकापेक्षा मोठा, कट्यारीसारख्या चोचीचा पक्षी वाळूवर सापडला तर तो बहुधा मास्क्ड बूबी. तो डोळ्याकडे चोच मारतो, तोंड लांब ठेवा. पण चावतो म्हणून चोचीला रबरबँड किंवा चिकटपट्टी लावू नका. बूबीला बाहेरून नाकपुड्या नसतात, श्वास तोंडाच्या कोपऱ्यातून घेतो. चोच बांधली तर गुदमरेल.

तुमचा मूळ प्रश्न ओळखायचं कसं हा होता. आधी महिना बघा. कुरव, ज्यांना सगळे सीगल म्हणतात, मुंबईत साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत जातात. जून ते सप्टेंबर 'सीगल' दिसला तर दोनदा विचार करा. हिवाळ्यात कुरवाचं डोकं बघत बसू नका, दोन्ही नेहमीच्या जातींना तेव्हा डोळ्यामागे नुसता डाग असतो. पंखाचं टोक बघा: काळ्यात पांढरे ठिपके असतील तर तपकिरी डोक्याचा, पुढच्या कडेला पांढरी पट्टी असेल तर काळ्या डोक्याचा. शेव-फरसाण टाकून जवळ बोलावू नका. हात उंचावलेल्या माणसाभोवती फिरणाऱ्या कुरवाचा पंख नीट दिसतही नाही.

मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी सगळे पक्षी काळेच दिसतात, तुमच्या ॲपची निम्मी चूक त्या उजेडाची. सकाळी जा, सूर्य पाठीशी राहतो. फोनवर आकाशातला पक्षी काढताना उजेड वाढवा, गडद पाण्यावरचा पांढरा पक्षी असेल तर कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील उडतो. एक फोटो पुरत नाही. पाठ, पोट, उघडी शेपूट हवी.

एक राहिलं. ब्रायडल्ड टर्न हाही सुरयच, तो आपल्या वेंगुर्ले रॉक्सवरच (वेंगुर्ल्याजवळची खडकाळ बेटं) वीण करतो आणि पावसाळ्यात तोही किनाऱ्याला लागतो. त्याच्या पिल्लाच्या पाठीवरही फिकट कडा असतात, पण त्याचं सगळं पोट पांढरं असतं. तुम्ही पोटाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. पोट पांढरं असेल तर माझं वरचं उत्तर बदला, खोक्याचा भाग तसाच ठेवा.