‘एवढी फी भरून बाथरूमच धुवायची होती?’

हॉटेल मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांचे पालक साताऱ्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा शब्द वेगळे असले तरी काळजी बहुधा एकच असते: एवढे शिकून आपले मूल लोकांची उष्टी काढणार का? बारावीच्या कोणत्याही शाखेतून या अभ्यासक्रमाला जाता येते, त्यामुळे ‘दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही म्हणून तिकडे गेला’ हा नातेवाइकांचा समजही त्या काळजीत मिसळलेला असतो. कोरेगाव तालुक्यातील एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडते.

मुलगा बीएचएमसीटी या हॉटेल मॅनेजमेंटच्या चार वर्षांच्या पदवीला होता. सत्रभराच्या औद्योगिक प्रशिक्षणासाठी तो पुण्यातील एका मोठ्या हॉटेलात गेला आणि हाऊसकीपिंग, म्हणजे खोल्यांची स्वच्छता व मांडणी पाहणाऱ्या विभागातून ते अर्धवट टाकून घरी परतला. “मॅडम, एवढी फी भरून पोरगं बाथरूम धुतंय. हेच करायचं होतं तर कॉलेज कशाला?” त्याच्या आईने विचारले. मुलगा मान खाली घालून बसला होता.

मी त्याच्याशी एकांतात बोलले. प्रशिक्षणार्थींना रोजची नोंदवही ठेवावी लागते. ती त्याला आणायला सांगितली आणि ज्या कामाने शरीर थकले ते एका रंगाने, ज्या प्रसंगाने मन दुखावले ते दुसऱ्या रंगाने अधोरेखित करण्यास सांगितले. पलंग लावणे, बाथरूम घासणे, एका पाळीत बारा-चौदा खोल्या उरकणे हे सारे पहिल्याच रंगात आले. दुसऱ्या रंगात तीनच गोष्टी होत्या: आरशावरच्या डागावरून सुपरवायझरने सर्वांसमोर काढलेली अक्कल, नऊ तासांची पाळी वारंवार बारा तासांवर जाणे आणि ‘झाडू मारायला शिकतोस का रे?’ असे विचारणारा एका मामांचा फोन.

लाज आणि त्रास यांची येथे गल्लत झाली होती आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. अपमान आणि अतिरिक्त तास हा खरा त्रास होता. तो मुकाट्याने सोसणे हा प्रशिक्षणाचा भाग आहे असे मी कधीही सांगणार नाही. त्याने महाविद्यालयाच्या ट्रेनिंग-प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे तारखांसह लेखी तक्रार करावी, असे आम्ही ठरवले. त्यांनी हॉटेलशी बोलून उरलेला काळ त्याला फ्रंट ऑफिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांचे स्वागत करून खोल्या देणाऱ्या विभागात दिला.

लाजेचा प्रश्न मात्र अर्जाने सुटणारा नव्हता. पाचगणीतील एका हॉटेलच्या हाऊसकीपिंग प्रमुख माझ्या परिचयाच्या आहेत. मायलेकांना मी त्यांच्याकडे पाठवले. प्रत्येक पलंगामागे चादरी-अभ्र्यांचे तीन ते पाच संच ठेवावे लागतात, कारण एक पलंगावर, एक धुलाईला आणि एक मजल्यावरच्या पॅन्ट्रीत असतो; खोली तपासून झाल्याचे कळवल्याशिवाय फ्रंट ऑफिस ती पुढच्या पाहुण्याला देऊ शकत नाही; आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या मे महिन्याच्या गर्दीत या साखळीतील एक कडी निसटली तरी पाहुणे सामानासह लॉबीत ताटकळतात, हे सारे त्यांनी साठ्याच्या वह्या उघडून दाखवले. आई बचत गटाचा हिशेब सांभाळते. “फाटलेल्या चादरी कोण मोजतं?” असे तिने स्वतःहून विचारले, तेव्हा बाद मालाची स्वतंत्र नोंदवहीही तिला पाहायला मिळाली. खोली स्वतः कधी न लावलेला माणूस एका खोलीला किती वेळ लागतो हे ठरवू शकत नाही, आणि ते ठरवता आले नाही तर माणसांच्या पाळ्याही लावता येत नाहीत, ही गोष्ट माझ्या समजावण्यापेक्षा त्या वह्यांनी तिला अधिक पटवली.

काही गोष्टी मी मुद्दाम गोड केल्या नाहीत. सुरुवातीचा पगार फीच्या मानाने कमी वाटतो, उभ्याने काम करावे लागते आणि इतरांची सुट्टी हाच या व्यवसायाचा हंगाम असल्यामुळे दिवाळीत घरी येता येईलच असे नाही. ज्यांना हे मनापासून नको होते, अशा काही मुलांना मी दुसरी वाट धरण्याचाच सल्ला दिला आहे. जे राहतात, त्यांना मात्र हॉटेलाबाहेरही रुग्णालयांचे हाऊसकीपिंग, विमानसेवा, क्रूझ जहाजे आणि कंपन्यांची उपाहारगृहे खुली असतात, हे पालकांना बहुधा ठाऊक नसते.

प्रवेशापूर्वी येणाऱ्या पालकांना मी एवढेच सुचवते की, विद्यापीठाची संलग्नता आणि अभ्यासक्रमाची मान्यता पाहा, प्रात्यक्षिकाचे स्वयंपाकघर प्रत्यक्ष वापरात आहे का ते पाहा, आणि मागच्या वर्षीची मुले प्रशिक्षणाला कुठे गेली व तेथे त्यांना किती तास काम पडले, हे त्या मुलांनाच विचारा.

या मुलाने प्रशिक्षण पूर्ण केले. फ्रंट ऑफिसमध्ये तो रमला असला, तरी पाचगणीच्या भेटीनंतर हाऊसकीपिंगही त्याच्या मनातून गेलेले नाही. शेवटच्या वर्षी कोणता विभाग घ्यायचा याविषयी आई त्याच्याशी आता स्वतःच चर्चा करते. मामांना काय उत्तर द्यायचे, ते मात्र तिने अजून ठरवलेले नाही.