फळ्यावर आधी व्याख्या लिहू नकोस

अरे, मेसेज मिळाला, घरी पाहुणे होते म्हणून उत्तराला उशीर. तर एफवायच्या लेखनाच्या तासाला 'लिंगभाव समाज घडवतो' हे शिकवायचंय आणि पीपीटी पण तयार आहे म्हणतोस. ती पीपीटी राहू दे. फळ्यावर 'लिंग' लिहिलंस की मागच्या बाकावर खसखस पिकते, आणि लिंग म्हणजे शरीराचं आणि लिंगभाव म्हणजे बाईने-पुरुषाने कसं वागायचं हे समाजाने शिकवलेलं, हे सांगेपर्यंत अर्धा वर्ग मोबाईलमध्ये गेलेला असतो.

मी काय करते सांगू? एक पान लिहायला देते, काल घरी काय झालं ते, 'मी' वापरून. अट एकच, लिहिणारा मुलगा आहे की मुलगी ते कळता कामा नये. पोरं हसत हसत सुरू करतात आणि दुसऱ्याच वाक्याला अडकतात, कारण मराठीत 'मी उठलो' नाहीतर 'मी उठले', मधे उभं राहायला जागाच नाही. मग एकेक पळवाट सापडते. 'मला जाग आली' चालतं. 'मी जाईन' चालतं. 'मी चहा केला' पण चालतं, तिथे क्रियापद चहाच्या मागे जातं. (व्याकरणाचा तास फुकटात झाला बघ.) मग पानं अदलाबदल करून ओळखायला सांग कोणी लिहिलंय, आणि खरी गंमत इथे आहे, क्रियापद काहीच सांगत नसतं तरी 'मी चहा केला' वाचलं की अख्खा वर्ग ओरडतो, मुलगी! कशावरून, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. तुला गप्प बसणं जमत नाही, माहितीये मला, पण प्रयत्न कर.

माझंच सांगते. मी कोल्हापूरची, आमच्याकडे बायका पण 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, आजी म्हणायची, आई म्हणते, त्यात कुणाला काही पुरुषी वाटत नाही. पुण्यात कॉलेजला आले तर पहिल्याच आठवड्यात एका सरांनी भर वर्गात विचारलं, तू मुलगा आहेस का? तेव्हापासून मी 'आले' झाले, फक्त आईला फोन लावला की परत 'आलो'. म्हणजे शरीर तेच आणि एका एसटीच्या प्रवासात बाईने कसं बोलायचं ते बदललं. हे मी वर्गात सांगते तेव्हा व्याख्या लागतच नाही.

जोडीला शब्द घे. डबा-डबी, सुरा-सुरी, गाडा-गाडी, मोठं ते पुल्लिंगी. विळा शेतात आणि विळी ओट्यावर, आता विळा घेऊन गवत कापायला बायकाच जास्त असतात ते सोड. किंवा लग्नपत्रिका आणायला सांग, तो नुसता चि. आणि ती चि. सौ. कां., लग्न लागायच्या आधीच सौभाग्याची काळजी.

कोणीतरी म्हणेलच की ही सगळी फॉरेनची थेरं. त्याला ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' दाखव, १८८२ चं, बुलढाण्याच्या बाईने लिहिलेलं. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती कमी झाली), त्यावरून पेपरवाले समस्त बायकांच्या चारित्र्यावर घसरले, तेव्हा ताराबाई चिडून विचारतात की जे दुर्गुण बायकांना चिकटवता ते पुरुषांत नाहीत का. फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हारचं याच विषयावरचं गाजलेलं 'द सेकंड सेक्स' आलं १९४९ ला, म्हणजे ६७ वर्षांनी. आणि ताराबाईंचं एक पान तरी मोठ्याने वाच, काय शिव्या घातल्यात बाईंनी, वाक्य कसं चढवत न्यायचं ते तिथे शिकतील.

मार्कांचं मात्र सांभाळ. एखादा लिहील की बाईनं घरच बघावं, पण त्यात त्याची आई खरी दिसेल, पहाटेची भांडी ऐकू येतील. दुसरा तुझीच वाक्यं गोड करून परत देईल. पहिल्याला जास्त दे. मन मोठं करून दे.

आणि पानं बदलायच्या आधी विचार, कुणाला द्यायचं नसेल तर नको. पन्नास पोरांत एखाद्याला तो खेळ नसतो, पहिल्यांदाच 'लो' नाही 'ले' नाही असं लिहायला मिळालेलं असतं. त्याच्याकडे टक लावून बघू नकोस.

बुधवारी तास झाला की फोन कर, नऊनंतर, आधी माझी सिरीयल असते.

तुझी मॅडम