औषधाआधी पान उलटून पाहा : घरच्या भाजीबागेची प्रश्नोत्तरे

या हंगामातल्या प्रश्नांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नेमकं काय झालंय हे कळण्याआधीच फवारणी झालेली असते. म्हणून इथे उपायाइतकाच भर ओळखण्यावर दिला आहे.

प्रश्न : कुंडीतल्या टोमॅटोला फळं भरपूर धरली, पण निम्म्या फळांच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. बुरशीनाशक दोनदा मारलं, अंड्याची टरफलंही घातली. फरक नाही.

फरक पडणार नव्हताच, कारण ही बुरशी नाही. वाढत्या फळाच्या टोकाला कॅल्शियम कमी पडतं आणि तिथल्या पेशी मरतात. डाग आधी पाणी मुरल्यासारखा दिसतो, मग तपकिरी होतो, बसका होतो आणि शेवटी काळा पडतो. त्यावर दिसणारी बुरशी मागाहून येते, मेलेल्या भागावर.

कॅल्शियम मातीत बहुतेक वेळा पुरेसं असतं. पण ते पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पाणी ओढतात ती पानं. फळातून बाष्प फार कमी उडतं, त्यामुळे त्याच्या वाट्याला आधीच थोडं येतं. कुंडी एक दिवस कोरडी पडली की तेवढंही तुटतं. डाग दिसतो काही दिवसांनी, म्हणून त्या कोरड्या दिवसाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. टरफलं कुजून कॅल्शियम मोकळं व्हायला हंगामाहून जास्त वेळ लागतो. या पिकाला त्यांचा उपयोग नाही.

करायचं ते असं. एका झाडाला निदान 18 ते 20 लिटर माती मिळेल अशी कुंडी घ्या. मातीवर वाळलेल्या पानांचं 5 सेंटिमीटर आच्छादन पसरा. रोज बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. तिथे कोरडं लागलं तर खालच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत द्या. फळं भरलेल्या झाडाला कडक उन्हात दिवसातून दोनदाही पाणी लागतं. युरिया देत असाल तर थांबवा, त्याने पालेदार वाढ होते आणि हा त्रास वाढतो. डागाळलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. पाण्याची लय बसली की पुढचे घोस स्वच्छ येतात.

प्रश्न : मिरचीची पानं आकसली आहेत. बोकड्या म्हणून सगळी रोपं उपटायची का?

थांबा. ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडामुरडा’ या एकाच नावाखाली तीन वेगळी दुखणी येतात आणि तिघांचे उपाय वेगळे आहेत.

पानाच्या कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर ते फुलकिडे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून शेंडा टिचकीने झटका. पिवळसर, बारीक, लांबट किडे कागदावर पळताना दिसतात. कडा खाली वळून पान उलट्या होडीसारखं झालं, देठ लांबला, पानाची खालची बाजू तपकिरी-चकचकीत झाली, तर तो कोळी. हा इतका लहान असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. तिसरं दुखणं विषाणूचं. तो पांढरी माशी पसरवते. यात पानं लहान, जाड आणि पिवळसर होतात, शिरा दाट दिसतात, पेरं आखडतात आणि झाड झुडपासारखं खुजं राहतं.

फुलकिड्यांसाठी एक लिटर कोमट पाण्यात आधी 1 ते 2 मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळा, मग 5 मिलिलिटर निंबोळी तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवा. मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरू नका. संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने मारा. दर 5 ते 7 दिवसांनी, असं तीन वेळा. एकदा मारून सोडण्यात अर्थ नसतो, कारण अंडी पानाच्या आत सुरक्षित असतात आणि आठवड्यात नवी पिढी बाहेर पडते. कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम. मात्र तेल आणि गंधक यांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा आणि पारा 32 अंशांवर असताना गंधक मारू नका. दोन्ही चुकांनी पानं करपतात. फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळाच.

विषाणू झालेलं झाड मात्र बरं होत नाही. तेवढं एकच उपटा, पिशवीत बांधून टाका. बाकीची रोपं वाचवायची ती पांढरी माशी आवरून : पिवळे चिकट सापळे आणि पानाखाली निंबोळी तेल. किड्यांमुळे आकसलेलं जुनं पान सरळ होत नाही. नवा शेंडा सरळ येतोय का, एवढंच बघायचं.

प्रश्न : दुधी आणि भोपळा दोन्ही वेल जोमात आहेत. भोपळ्याला फळं धरली, दुधीची मात्र बोटाएवढी होऊन पिवळी पडतात आणि गळतात.

परागीभवन होत नाही. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं, मधमाश्या येतात, काम होतं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात आणि पतंग घराजवळ कमीच येतात. दोडक्याचंही फूल संध्याकाळचंच. त्यामुळे सकाळी हातपरागण करून निराश झालेले बरेच जण असतात. वेळच चुकलेली असते.

मादी फुलाच्या मागे चिमुकला, लवदार दुधी असतो, नर फुलाच्या मागे नुसता लांब देठ. तिन्हीसांजेला ताजं नर फूल तोडा, पाकळ्या सोलून काढा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच, सगळीकडे लागेल असा फिरवा. एका नर फुलात दोन मादी फुलं होतात. अर्धाच भाग माखला तर फळ वाकडं येतं. साधलं असेल तर देठ खाली झुकतो आणि चार-पाच दिवसांत फळ डोळ्यांदेखत फुगतं. सुरुवातीला आठवडा-दोन आठवडे फक्त नर फुलं येणं अगदी स्वाभाविक आहे.

प्रश्न : मुळ्याला पाला हातभर, खाली मात्र शेपटी.

विरळणी झाली नाही. रोपांना दोन-तीन पानं आली की दर 6 ते 8 सेंटिमीटरला एकच ठेवा. उपटवत नसेल तर कात्रीने कापा, म्हणजे शेजाऱ्याचं मूळ हलत नाही. नत्र जास्त झालं किंवा ऊन कमी पडलं तरी हेच होतं. मूळ दुभंगलं असेल तर मातीतले खडे किंवा कच्चं शेणखत हे कारण.

प्रश्न : हिरवंगार वांगं दोन दिवसांत कोमेजलं. माती ओलीच होती.

खोडाचा जमिनीलगतचा 8-10 सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, तळाला टेकणार नाही असा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे खाली उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग. धागे नाहीत, पण कापलेल्या भागात तपकिरी कडं दिसतंय, तर बुरशीजन्य मर. दोन्ही नसेल तर मुळं धुऊन बघा : गाठी म्हणजे सूत्रकृमी, काळी आणि मऊ म्हणजे पाणी साचलं होतं.

जिवाणूजन्य मर रोगावर घरी करता येईल असं औषध नाही. झाड मुळासकट काढा, खतात टाकू नका. त्या वाफ्यात निदान तीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा लावू नका. मका किंवा कांदा-लसूण लावा. कुंडी असेल तर माती टाकून कुंडी घासून धुवा. कात्री स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग पुढच्या झाडाला तुम्हीच द्याल.

प्रश्न : चवळी यंदा अप्रतिम आली. बी धरायचंय.

जरूर धरा. चवळी बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळते, म्हणून बी आईच्या गुणाचं उतरतं. फक्त मूळ पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-1’ लिहिलेलं नसावं. तसं असेल तर पुढची रोपं सारखी येत नाहीत. दुधी-भोपळ्याच्या बियांचं असं नाही, शेजारच्या वेलाचा पराग सहज मिसळतो.

हंगामाअखेरीस उरलेल्या शेंगांचं बी धरायची सवय सोडा. सगळ्यात निरोगी दोन-तीन वेलांवर आत्ताच दोरा बांधा आणि त्यांच्या शेंगा वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्या. सोललेलं बी सावलीत आठवडाभर पसरा. नख दाबून खूण उठत नसेल तर बी वाळलं. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, नाव आणि तारीख लिहा, आणि भुंगे मारायला बरणी आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, गार बियांवर दव धरतं. रात्रभर तशीच राहू द्या, सकाळी झाकण काढा.