उपरोधाच्या वाटेवरील नव्या लेखकास

पुलाखाली झोपणाऱ्यांना हटवण्यासाठी बसवलेल्या टोकदार दगडांवरच्या उपरोधिक लेखाचा आपला मसुदा मी दोनदा वाचला. विषय खरा आहे, संतापही खरा आहे. परंतु तिसऱ्याच परिच्छेदात आपण स्वतः पुढे येऊन ‘हा अन्याय आहे’ असे सांगून टाकता आणि तिथेच उपरोधाची धार जाते. आयरिश लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७२९ मध्ये डब्लिन येथे निनावी प्रसिद्ध केलेली ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ ही उपरोधिक पुस्तिका सावकाश वाचावी. आयर्लंडमधील गरिबांची मुले वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, ही सूचना तिचा निवेदक हिशेबी कारकुनाच्या थंडपणाने मांडतो: दरवर्षी जन्मणारी १,२०,००० मुले, त्यांतून पैदाशीसाठी राखायची २०,०००, उरलेली विक्रीस. आईबापांना जमीनदारांनी आधीच गिळलेले असल्यामुळे मुलांवर पहिला हक्क जमीनदारांचाच, हेही तो गंभीरपणे नोंदवतो. परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवण्यासारखे खरे उपाय मात्र तो ‘असले काही मला सांगू नका’ म्हणत झटकून टाकतो, आणि लेखकाचे मत वाचकाला नेमके तिथेच सापडते.

आपल्या लेखातही पुलाखाली कोणी झोपू नये म्हणून टोकदार दगड बसवणाऱ्या साहेबांनाच बोलू द्या. दगडांचा दर, निविदेची तारीख, उद्घाटनाचा नारळ, सारे त्यांच्याच तोंडून अभिमानाने येऊ द्या. तिथे झोपणाऱ्या बाईच्या बोलीची थट्टा तेवढी काढून टाका. ती दोनदा आली आहे (दुसऱ्यांदा तर अगदी शेवटी), आणि दोन्ही वेळा हसू भलत्याच माणसावर येते.