परदेशात महिनाभर हॉस्पिटलचा अनुभव घ्यायला जावं का? त्यासाठी एजन्सीला पैसे भरावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सोलापुरात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहात. एका एजन्सीनं पूर्व आफ्रिकेत चार आठवड्यांची ‘मेडिकल इंटर्नशिप’ साडेतीन लाखांत देऊ केली आहे. तिथं टाके घालायला, बाळंतपणं करायला मिळतील असं त्यांनी सांगितलंय, आणि घरचे विचारतायत की एवढे पैसे घालून उपयोग काय.

या एजन्सीला पैसे भरू नका. परदेशात मात्र जरूर जा, पण वर्ष-दीड वर्षानं. मी सोलापुरातच शिकले आणि आता इथंच फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करते. इंटर्नशिप संपल्यावर २०१९ च्या जूनमध्ये चार आठवडे मी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या एका सरकारी हॉस्पिटलात, वृद्धांच्या वॉर्डात क्लिनिकल अटॅचमेंट केली होती, म्हणजे तिथल्या डॉक्टरांबरोबर राहून काम बघायचं, उपचार करायचे नाहीत. त्या चार आठवड्यांनी माझी पेशंट तपासायची पद्धत बदलली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एजन्सीचं. ‘हात लावायला मिळेल’ या एका वाक्यावर त्यांचा सगळा धंदा चालतो. जरा उलटा विचार करून बघा. तुमची मावशी बाळंतपणासाठी इथल्या लेबर रूममध्ये आहे आणि तिला टाके घालायला परदेशातला तिसऱ्या वर्षाचा मुलगा उभा आहे. तिची भाषा त्याला येत नाही, त्यानं आधी कधी टाका घातलेला नाही, आणि तो तिथं आहे कारण त्यानं कुणाला तरी पैसे भरलेत. तुम्ही चालवून घ्याल का? तिथली बाईही कुणाची तरी मावशीच आहे. जे काम तुमच्या युनिटचे सर तुम्हाला एकट्यानं करू देत नाहीत, ते दुसऱ्या देशात गेल्यानं तुम्हाला करता यायला लागत नाही. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं परदेशी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी सूचना काढल्यात, त्यातही हेच आहे: शिक्षण आणि देखरेख नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही.

आणि हात तयार करायचेच असतील तर सोलापूरसारखी जागा नाही, हे मी मनापासून सांगते. सिव्हिलला अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडं इंडी, कलबुर्गीपासून पेशंट येतात. मण्यार चावलेला शेतमजूर, कीटकनाशक प्यालेला पोरगा, वर्षानुवर्षं विड्या वळून पाठ आणि छाती दोन्ही धरलेली बाई, यंत्रमागाच्या आवाजानं कान गेलेला माणूस हे सगळे एका आठवड्यात दिसतात. यॉर्कशायरमधल्या माझ्याबरोबरच्या मुलांनी कीटकनाशकाची विषबाधा फक्त पुस्तकात वाचली होती. ॲट्रोपिन हे त्यावरचं औषध कसं चढवत नेतात, डोळ्यांच्या बाहुल्यांपेक्षा छातीतल्या घुरघुरीकडं का लक्ष ठेवायचं, हे ती मला विचारत बसायची. तेव्हा पुढचं वर्षभर कॅज्युअल्टीत रात्री थांबा, सलाईन लावा, कॅथेटर टाका, टाके शिका.

मग परदेशात जायचं कशासाठी? बघायला. हे ऐकायला कमी वाटतं, पण माझ्यासाठी तेच सगळ्यात मोलाचं ठरलं.

पहिल्याच सकाळचा राऊंड सांगते. ज्यांच्याकडं मी होते त्या कन्सल्टंट बाई बेडजवळ गेल्या, आधी चारही बाजूंनी पडदा ओढला, मग खुर्ची ओढून पेशंटच्या डोळ्यांच्या पातळीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘हॅलो, माय नेम इज...’ आजोबांना स्मृतिभ्रंश होता. दुपारी त्या पुन्हा गेल्या, पुन्हा खुर्ची, पुन्हा स्वतःचं नाव. केसपेपरवर आजोबांचं नाव जॉन होतं. बाईंनी विचारलं, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? ते म्हणाले, जॅक. त्या दिवसापासून पूर्ण वॉर्डाला ते जॅक झाले, पलंगामागच्या पाटीवरसुद्धा.

ही नाव सांगायची पद्धत कुठून आली हे मला नंतर कळलं. त्याच भागातल्या केट ग्रेंजर नावाच्या वृद्धरोगतज्ज्ञ डॉक्टरला कॅन्सर झाला. २०१३ मध्ये ती स्वतः ॲडमिट असताना तिच्या लक्षात आलं की तपासायला येणाऱ्यांतले कितीतरी जण आपलं नावच सांगत नाहीत. तिनं नवऱ्याबरोबर ‘हॅलो माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली आणि ती इंग्लंडभर पसरली. २०१६ मध्ये ती गेली. त्या वॉर्डातल्या प्रत्येकाच्या छातीवर तो बिल्ला होता, सफाई करणाऱ्या ताईंच्यासुद्धा.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तिथं नर्स मनगट धरायची, पण बघायची छातीकडं, आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायची. मनगट धरलेलं असल्यामुळं पेशंटला वाटतं नाडी बघतायत, म्हणून तो श्वास बदलत नाही. तिसऱ्या आठवड्यात जॅक आजोबांचा श्वास २४ झाला, ऑक्सिजन ९३, नाडी ११२, ताप ३८.४. वेगवेगळं बघितलं तर यातलं काहीच घाबरण्यासारखं नाही. पण तिथं प्रत्येक आकड्याला गुण देतात. त्या पद्धतीला न्यूज-टू म्हणतात, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वासाचे २, ऑक्सिजनचे २, नाडीचे २, तापाचा १, बेरीज ७. सात झाले की तातडीचा फोन जातो. नर्सनं फोन केला आणि पहिलं वाक्य ‘स्कोअर सात’ एवढंच होतं. डॉक्टर धावत आले. न्यूमोनिया होता, लवकर सापडला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंटर्न असताना मी किती केसपेपरांवर न मोजता श्वास २० लिहिलाय, ते आठवत होतं. त्यातल्या एखाद्याचा २४ असेल, २८ असेल. आज माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक तापाच्या पेशंटचा श्वास मी मिनिटभर मोजते, मनगट धरून, छातीकडं बघत. यासाठी यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही. पण हे शिकायला मला तिथं जावं लागलं.

परत आल्यावर बंधपत्राच्या, म्हणजे डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत असताना एका विडी कामगार मावशींचा ईसीजी काढायचा होता. खोलीत चार पुरुष, पडदा नाही. मावशी पदर सोडेनात. त्यांच्या लेकीच्या पिशवीत सोलापुरी चादर होती. लेकीनं आणि मी दोन टोकं धरून आडोसा केला, आणि मी मावशींना माझं नाव सांगितलं. मावशी तेलुगू बोलणाऱ्या. ‘एक्कड नोप्पी?’ एवढंच मला येत होतं, म्हणजे कुठं दुखतंय. त्यांनी डावा खांदा दाखवला. तुम्ही सोलापूरचे असाल तर हे तुम्हालाही येत असेल. नसेल तर इंग्लंडच्या आधी तेलुगू आणि कन्नडमधली वीस-वीस वाक्यं शिका.

भाषेचा विषय निघालाच आहे तर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरातलं स्मारक बघून या. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून हा आपल्या गावचा माणूस चीनला गेला आणि १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारला. ते चिनी शिकले आणि चिनी भाषेतूनच विद्यार्थ्यांना शिकवायचे. मी यॉर्कशायरला जायच्या आधी तिथल्या बोलीतल्या चित्रफिती ऐकत बसायचे ते त्यांच्यामुळंच. तिथले म्हातारे ‘सिक’ म्हणत नाहीत, ‘पुअरली’ म्हणतात.

आता तुम्ही काय करायचं ते. सगळ्यात मोठा फरक आहे विद्यार्थी असताना जाणं आणि डिग्री झाल्यावर जाणं यात. अमेरिकेत जायचं असेल तर शेवटच्या वर्षात असतानाच इलेक्टिव्ह मिळते, म्हणजे देखरेखीखाली पेशंटची हिस्टरी घेणं, तपासणं. डिग्री हातात आली की बहुतेक ठिकाणी फक्त ऑब्झर्व्हरशिप उरते, म्हणजे नुसतं बघणं. तिथल्या इलेक्टिव्हसाठी व्हीएसएलओ नावाची अर्जपद्धती आहे, पण तुमचं कॉलेज त्यात असावं लागतं. ते डीन ऑफिसात विचारा. नसेल तर काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात. अमेरिकेत डॉक्टरकी करायला लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेचा पहिला टप्पा, स्टेप वन, २६ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास झाल्यामुळं तिथल्या डॉक्टरांच्या शिफारसपत्रांचं वजन वाढलंय. पण पत्र देणाऱ्यानं तुम्हाला महिनाभर काम करताना बघितलेलं असेल तरच त्या पत्राला अर्थ.

इंग्लंडला व्हिजिटर व्हिसावर क्लिनिकल अटॅचमेंट करता येते, बिनपगारी, आणि पेशंटवर उपचार करायचे नाहीत या अटीवर. मी महिनाभर कुणाला एक सुईसुद्धा टोचली नाही. हॉस्पिटलला आपणच ईमेल करायचा. मी चाळीसेक ईमेल केले, चार उत्तरं आली, एक होकार. होकार ज्या ईमेलला आला त्यात मी त्या विभागाचंच काम का बघायचंय ते दोन ओळींत लिहिलं होतं, बाकीचे एकाच साच्यातले होते. जर्मनीत विद्यार्थ्यांसाठी फामुलातूर, म्हणजे हॉस्पिटलमधली पोस्टिंग असते, पण जर्मन चांगली येत नसेल तर तिथं नुसतं उभं राहाल.

तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतो तो विद्यार्थी देवाणघेवाणीचा मार्ग. आयएफएमएसए ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची जागतिक संघटना १९५१ पासूनची आहे, आपल्याकडं तिची सदस्य संघटना एमएसएआय. चार आठवड्यांची पोस्टिंग असते, राहायची आणि दिवसातून निदान एका जेवणाची सोय यजमान बघतात. आपल्याकडं आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचीही तशीच सोय केली जाते. एजन्सीच्या आकड्याशी तुलना करा. माझे स्वतःचे यॉर्कशायरला तिकीट, व्हिसा, खोली, खाणं आणि हॉस्पिटलची फी धरून सव्वादोन लाख गेले होते, आणि त्यातले साठ हजार मी मैत्रिणीच्या भावाकडून उसने घेतले होते.

एक गैरसमज काढून टाका. परदेशातले हे आठवडे तुमच्या बारा महिन्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये धरले जातील असं समजू नका. २०२१ च्या नियमांप्रमाणं इंटर्नशिपमध्ये रजा पंधरा दिवसांची. त्यामुळं तारखा आधी कॉलेजच्या सुट्ट्यांशी जुळवा आणि डीनचं ना-हरकत पत्र लेखी घ्या. सरकारी कॉलेजात असाल तर बंधपत्राचं वर्षही हिशोबात धरा.

शेवटचं, ज्यात माझे सहा आठवडे वाया गेले. हॉस्पिटलं लसीकरणाचा पुरावा मागतात: हेपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, आणि टीबीची तपासणी. मी मान्टू, म्हणजे टीबीसाठीची त्वचेवरची चाचणी, करून बसले. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आणि टीबीच्या वॉर्डात फिरलेल्या माणसाची ती बहुतेकदा पॉझिटिव्ह येते, माझीही आली, आणि तिकडून प्रश्नांवर प्रश्न सुरू झाले. आधी आयग्रा ही रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे करून घेतला असता तर काम तिथंच संपलं असतं, कारण आयग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हेपॅटायटिस बीचे तीन डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांना असतात, आणि नंतर टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, १० च्या वर आहे हे दाखवावं लागतं. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात जायचं असेल तर पहिला डोस आत्ताच पडायला हवा. घेतलेला असेल तर या आठवड्यात टायटर करून टाका.

ईमेल लिहिताना अडलात तर मसुदा इथं खाली टाका, मी वाचून दुरुस्त करून देईन.